केनियातल्या म्पाला संशोधन केंद्रात इंटर्नशिप: अर्जापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत

आफ्रिकेत इंटर्नशिप करायची म्हटलं की बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर सिंह उभा राहतो. म्पालात गेल्यावर हातात येते ती गवत मोजायची चौकट, कॅमेरा ट्रॅपची, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांची, डझनभर मेमरी कार्डं, नाहीतर मुंग्यांनी भरलेली बाभळीची फांदी. हे आधीच माहीत असलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हिरमुसत नाही. पुण्या-मुंबईतून, नागपूरहून जीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकणारी मुलं याबद्दल मला सतत विचारत असतात. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे. केंद्र एकच घेतलं आहे, कारण 'आफ्रिकेतलं संशोधन केंद्र' अशी एक सरधोपट गोष्ट अस्तित्वातच नाही. टांझानियाचे नियम वेगळे, बोट्स्वानाचे वेगळे.

म्पाला संशोधन केंद्र केनियाच्या लायकिपिया पठारावर, माउंट केनियाच्या वायव्येला आहे. स्थापना १९९४ची. परिसर सुमारे ४८ हजार एकरांचा, आणि तिथे गुरंही चरतात आणि हत्तीही. अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ, तिथलीच स्मिथसोनियन संस्था, केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस आणि केनियाची राष्ट्रीय संग्रहालयं या केंद्राशी जोडलेली आहेत. हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही, आणि माझ्या मते हेच त्याचं मोठं बळ आहे. केनियातले बरेचसे वन्यप्राणी संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, माणसं आणि गुरं यांच्यासोबत राहतात. त्यांचा अभ्यास कुंपणाआड बसून होत नाही.

आधी प्रश्न निवडा, मग केंद्र

अर्ज केंद्राकडे करण्यापेक्षा तिथे काम करणाऱ्या एखाद्या संशोधन गटाकडे करा. केंद्र म्हणजे राहायची खोली, भोजनघर, प्रयोगशाळा, गाड्या आणि परवानग्यांची व्यवस्था. काम देतो तो गट. म्हणून कोण काय करतं हे आधी वाचा.

काळ्या मातीच्या भागात १९९५पासून एक प्रयोग अखंड चालू आहे. शास्त्रज्ञ ट्रुमन यंग यांनी सुरू केलेल्या या प्रयोगात प्रत्येकी चार हेक्टरांचे अठरा तुकडे आहेत. काहींत सगळ्यांना प्रवेश, काहींत फक्त गुरांना, काहींत हत्ती-जिराफ सोडून बाकी वन्यप्राण्यांना, तर काहींत कोणालाच नाही. गुरं आणि झेब्रे एकमेकांचा चारा खातात की कधीकधी एकमेकांना मदतही करतात, हा प्रश्न गेली तीस वर्षं तिथे मोजून सोडवला जातो आहे. २००८मध्ये सुरू झालेला दुसरा प्रयोग तसाच, पण कमी पावसाकडून जास्त पावसाकडे जाणाऱ्या तीन ठिकाणी मांडलेला. याशिवाय रानकुत्रे, ग्रेव्ही झेब्रे, गोचिडी आणि त्यांच्यामुळे होणारे आजार, गुरांचे वाडे असे कितीतरी विषय आहेत.

वाड्यांचं उदाहरण मराठी विद्यार्थ्याला चटकन कळेल. तिथले पशुपालक रात्री गुरं काटेरी कुंपणात कोंडतात. या कुंपणाला बोमा म्हणतात. बोमा हलला की त्या जागी साठलेल्या शेणामुळे जमीन इतकी सकस होते की पुढे अनेक दशकं तिथे हिरवं, पोषक गवत उगवतं आणि हरणं तिथेच येऊन चरतात. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तसंच हे, फक्त खत मिळतं ते रानाला.

आणि मुंग्यांना कमी लेखू नका. काळ्या मातीत शिट्टी वाजवणारी बाभूळ उगवते. तिच्या काट्यांच्या बुडाशी फुगीर पोकळ गाठी असतात. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की त्या वाजतात. गाठींत राहणाऱ्या मुंग्या झाडाला हत्तीपासून वाचवतात, कारण सोंडेत शिरलेल्या मुंग्या हत्तीला सोसत नाहीत. मोठ्या डोक्याची एक परकी मुंगी लायकिपियात पसरली आणि तिने या राखणदार मुंग्या संपवल्या. मग हत्तींनी झाडं मोडली, रान उघडं पडलं आणि दबा धरायला आडोसा न उरल्याने सिंहांना झेब्रे मारणं अवघड झालं. ते रानम्हशींकडे वळले. केनियन शास्त्रज्ञ डग्लस कामारू आणि सहकाऱ्यांनी म्पालाजवळच्या ओल पेजेता अभयारण्यात केलेलं हे काम २०२४च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये आलं. सिंहाचं जेवण मुंगीने बदललं. तुम्हाला मुंग्या मोजायचं काम मिळालं तर हे लक्षात ठेवा.

खरं केंद्र कसं ओळखायचं

'आफ्रिकेत वन्यजीव संशोधन करा' अशा जाहिरातींत पैसे घेऊन सिंहाची पिल्लं कुशीत द्यायची सोय असते. जिथे पिल्लांना बाटलीने दूध पाजता येतं, त्यांच्यासोबत चालता येतं, तिथे संशोधन नाही. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांचा मोठा धंदा आहे. २०२१मध्ये तिथल्या सरकारनेच नेमलेल्या समितीने तो बंद करण्याची शिफारस केली. अशा ठिकाणी आई-वडिलांचे कष्टाचे पैसे घालू नका.

खऱ्या गटाला तीन गोष्टी विचारा: तुमच्या कामातून अलीकडे कोणते शोधनिबंध निघाले, संशोधन परवाना कोणाच्या नावावर आहे, आणि गटात केनियन विद्यार्थी किती आहेत. उत्तरं सरळ मिळाली तर पुढे जा. राहण्या-जेवण्याचा खर्च बहुतेकदा विद्यार्थ्यालाच करावा लागतो. यात गैर काही नाही, पण आकडा आधी लेखी घ्या आणि त्यात गाडीचं इंधन, प्रयोगशाळेचं शुल्क धरलं आहे का ते विचारा. घरी बसून काढलेला खर्च प्रत्यक्षात वाढतोच.

पत्र

किमान सहा महिने आधी लिहा. परवानग्यांना वेळ लागतो आणि संशोधकही सतत फिरतीवर असतात. पत्र एका पानात संपवा. त्यांचा एखादा निबंध खरोखर वाचून त्यातला एक नेमका प्रश्न विचारा, तुमच्या तारखा कळवा आणि तुम्हाला प्रत्यक्ष काय येतं ते लिहा. 'लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं. 'आर' या संगणकीय भाषेत आकडेवारी हाताळता येते, क्यूजीआयएसमध्ये नकाशे करता येतात, चारचाकी चालवता येते, आठवडाभर उन्हात न कुरकुरता काम केलं आहे, अशी वाक्यं कमी पत्रांत असतात.

ही शेवटची गोष्ट महाराष्ट्रातच शिकता येते. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या माळरानांवर लांडगा, चिंकारा, काळवीट आहेत. नान्नजला जा, सासवडच्या माळांवर जा, कोणाच्या तरी गटात सरळ रेषेत चालून प्राणी मोजायला शिका. प्राणी दिसला की अंतर आणि कोन कसे मोजायचे, त्यावरून रेषेपासूनचं लंबांतर कसं काढायचं, हे हाताला वळण लागेपर्यंत करा. म्पालातही हेच करायचं आहे, फक्त समोर काळविटाऐवजी इम्पाला असेल. घरच्या माळाबद्दल आस्था नसलेल्या मुलाने सव्हानाचं प्रेम सांगितलं की मला ते अर्धवट वाटतं.

कागदपत्रं

इथे घाई चालत नाही. २०२४च्या जानेवारीपासून केनियाने पर्यटक व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, म्हणजे ईटीए, सुरू केली. पण पर्यटक म्हणून जाऊन संशोधनाचं काम करणं बेकायदेशीर ठरू शकतं. तुमच्या मुक्कामासाठी कोणता पास लागेल हे केंद्राच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या आणि तेच कागद करा.

संशोधनासाठी नाकोस्टी या राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा परवाना लागतो. परदेशी संशोधकाला केनियन संस्थेशी संलग्नता दाखवावी लागते. वन्यजीवांवर काम असेल तर नैवाशातल्या वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण संस्थेची परवानगीही लागते. इंटर्न बहुधा गटाच्या परवान्याखाली काम करतो, पण त्यावर तुमचं नाव आहे का ते स्वतः पाहा. परवान्याची प्रत फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा.

नमुन्यांबाबत एकच नियम: केनियातून काहीही उचलून आणायचं नाही. पीस नाही, हाड नाही, साळिंदराचा काटा नाही, मेलेला किडाही नाही. २०२५मध्ये दोन बेल्जियन तरुणांकडे पाच हजार मुंग्या सापडल्या. नैरोबीच्या न्यायालयाने त्यांना दहा लाख शिलिंग दंड किंवा बारा महिने कैद अशी शिक्षा सुनावली. तिथल्या लोकांना यात कडकपणा वाटत नाही. आपली जैवसंपत्ती शतकभर बाहेर जाताना त्यांनी पाहिली आहे.

आरोग्य

केनियात गेलेल्या माणसाला भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, नेहमीच्या दवाखान्यात नाही. प्रमाणपत्र टोचून घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि पुढे जन्मभर चालतं. तिथे ठरावीक वारीच लस देतात आणि नोंदणीला रांग असते, म्हणून निघायच्या आधी दीड-दोन महिने वेळ काढा. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

रेबीजची प्रतिबंधक लस मी प्रत्येकाला घ्यायला सांगतो. मोठं रुग्णालय दूर असतं आणि कोल्ह्या-कुत्र्यांच्या भागात काम असतं. म्पाला उंचावर असल्याने मलेरियाचा धोका किनाऱ्यापेक्षा खूप कमी, पण सुट्टीत मोम्बासाला जाणार असाल तर गोळ्यांबद्दल प्रवासी-वैद्यकातल्या डॉक्टरांशी बोला. नदीत पोहू नका. पाणगेंडे आणि मगरी यांच्याइतकाच बिल्हार्झिया हा परजीवीही तिथे खरा आहे. गवतात चालल्यावर मिरपुडीच्या कणाएवढ्या गोचिडी शेकड्याने चढतात. पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि रोज संध्याकाळी अंग तपासा.

विमा घेताना दोन गोष्टी पाहा: दुर्गम भागातून हवाई मार्गाने रुग्णालयात नेण्याचा खर्च त्यात आहे का, आणि 'क्षेत्रीय काम' वगळलेलं तर नाही ना. नैरोबीची ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था १९५७पासून पूर्व आफ्रिकेत रुग्णांना विमानाने आणते. तुमची विमा कंपनी त्यांचं बिल भरते का, हे थेट विचारा.

सामान आणि वाट

विषुववृत्त म्हणून उकाडा असेल असं समजून लोक स्वेटर घरी ठेवतात. केंद्र सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. रात्री आणि पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. पातळ थरांचे कपडे, खाकी किंवा मातकट रंगाचे. लष्करी छापाचे मुळीच नकोत. जाड तळाचे, आधीच वापरून सैल झालेले बूट, कारण बाभळीचा काटा साध्या तळातून आरपार जातो. डोक्याला लावायचा दिवा, स्वतःची दुर्बीण, पेन्सिली. प्लगसाठी ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचा ॲडॅप्टर.

आपल्याकडे बॅग भरताना चपला, लाडू, चिवडा, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधायची सवय आहे. केनियाने २०१७च्या ऑगस्टपासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या करा. ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय तो तिथे उडवता येत नाही.

मुंबईहून नैरोबीला थेट विमानं आहेत, साधारण सहा तासांचा प्रवास. नैरोबीहून नान्युकीला रस्त्याने दोनशे किलोमीटर, आणि तिथून पुढे केंद्रापर्यंत बराचसा मुरमाड रस्ता. नैरोबीत उतरल्या दिवशीच पुढे निघू नका, रात्री तर नाहीच. विमानतळावर किंवा शहरात सिमकार्ड घ्या आणि एम-पेसा सुरू करा. २००७पासूनची ही मोबाइल पैशांची सेवा भाजीवाल्यापासून गाडीवाल्यापर्यंत सगळे वापरतात. नान्युकी हे शेवटचं मोठं गाव. औषधं, साबण, मसाले तिथेच भरून घ्या. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. मक्याच्या पिठाची उगाली, सुकुमा विकी ही पालेभाजी, राजमा-मक्याची गिथेरी आणि चपाती रोजच्या ताटात असतात.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात काम कमी करा आणि नियम अंगवळणी पाडा. फळ्यावर नाव, जागा आणि परतायची वेळ लिहिल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. परतल्यावर ते पुसायचं. पुसलं नाही तर लोक रात्री तुम्हाला शोधायला निघतात. पायी जायचं तर सोबत आस्करी, म्हणजे रक्षक, हवाच. तो 'थांब' म्हणाला की पाय जिथे असेल तिथे थांबवायचा, फोटो नंतर. अंधार पडल्यावर खोलीपासून भोजनघरापर्यंतही दिव्याशिवाय जाऊ नये, कारण केंद्राच्या आवारात हत्ती आणि रानम्हशी येतात. सूर्य वर्षभर साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि तितक्याच वाजता मावळतो, संधिप्रकाश फार टिकत नाही.

वेळ विचारताना सावध राहा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे 'सा मोजा', अक्षरशः एक वाजता, म्हणजे सकाळचे सात. स्थानिक सहकाऱ्याशी ठरवताना घड्याळावर बोट ठेवून खात्री करा.

पाऊस पडला की काळ्या मातीच्या भागात गाडी घालू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ही माती नव्याने शिकवायला नको: कोरडी असताना भेगाळते, ओली झाली की चाकाला चिकटते आणि गाडी रुतते. पावसाची दाट शक्यता एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

वही

माझ्या मते इंटर्नचं खरं मोल इथे ठरतं. तीस वर्षं चालणाऱ्या प्रयोगात तुमचे दोन-तीन महिने एक ओळ आहेत. ती ओळ वाईट निघाली तर पुढचा माणूस ती पुसू शकत नाही, कारण तो दिवस परत येत नाही.

पेन्सिलने लिहा, शाई ओली झाली की पसरते. तारखेत महिना अक्षरांत लिहा: ३ एप्रिल. गटात अमेरिकन असतात, केनियन असतात, आणि ०३/०४ दोघे वेगवेगळं वाचतात. वेळ चोवीस तासांची. जीपीएसमध्ये यूटीएम, म्हणजे जागा मीटरांत सांगणारी पद्धत, वापरत असाल तर विभाग ३७ उत्तर आहे की ३७ दक्षिण, हे दर वेळी नोंदवा. लायकिपिया विषुववृत्तावर पसरलेला आहे, म्पाला उत्तरेला, पण काही जागा दक्षिणेला पडतात आणि अक्षर चुकलं तर बिंदू भलतीकडे जातो. प्राणी दिसला नाही तर शून्य लिहा. पाहायलाच गेला नाहीत तर रकान्यात तसं स्पष्ट लिहा. रिकाम्या रकान्याचा अर्थ नंतर कोणालाही लावता येत नाही.

कॅमेरा ट्रॅप लावताना आधी त्याचं घड्याळ जुळवा. समोरचं गवत कापा, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचे हजारो फोटो येतील. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करू नका, उगवता-मावळता सूर्य भिंगात जातो. कार्ड काढलं की त्याच रात्री दोन ठिकाणी नक्कल करा.

ग्रेव्ही झेब्र्याचा फोटो घ्यायचा असेल तर उजव्या बाजूचा घ्या. अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि ओळख पटवणारी यंत्रणा एकाच बाजूचे फोटो जुळवते. २०१६ आणि २०१८मध्ये शेकडो सामान्य नागरिकांनी दोन दिवस असे फोटो काढून केनियातल्या ग्रेव्ही झेब्र्यांची संख्या ठरवली. २०१८चा अंदाज २,८१२ होता. बारीक पट्टे, पांढरं पोट, मोठे गोल कान अशी ओळख. साध्या झेब्र्याचे पट्टे रुंद आणि पोटापर्यंत जातात.

माणसं

केंद्रातल्या स्थानिक क्षेत्र-सहायकांकडून तुम्ही सगळ्यात जास्त शिकाल. कितीतरी वर्षं तेच रान पाहिलेला माणूस पावलांवरून, पक्ष्यांच्या ओरडण्यावरून सांगतो की समोर काय आहे. त्यांना नावाने हाक मारा, हाल विचारल्याशिवाय कामाचं बोलू नका. सकाळी 'हबारी' म्हणून थांबायचं, उत्तर ऐकायचं, मग पुढचं.

या जमिनीचा इतिहास थोडा तरी वाचून जा. १९०४च्या कराराने ब्रिटिशांनी मसाई लोकांना रिफ्ट खोऱ्यातून लायकिपियात आणि दक्षिणेत हलवलं, मग १९११च्या कराराने लायकिपियातूनही दक्षिणेकडे हलवलं आणि इथली कुरणं गोऱ्या स्थायिकांना दिली. आज मसाई, सांबुरू, तुर्काना, किकुयू, मेरू असे अनेक समाज इथे आहेत, आणि दुष्काळात चाऱ्यावरून तणाव वाढतो. २०१७मध्ये तो हिंसक झाला होता. म्हणून केंद्राने एखाद्या भागात जाऊ नका म्हटलं तर कारण न विचारता ऐकायचं. गुराख्याचा, त्याच्या मुलांचा फोटो परवानगीशिवाय काढू नका. गेंड्याचा फोटो काढलात तर जागा दाखवणारी सोय फोनमध्ये बंद ठेवा. ओल पेजेतात जगातल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्यांच्या माद्या, नाजिन आणि फातू, राहतात, आणि लायकिपियातल्या काळ्या गेंड्यांवर शिकाऱ्यांचा डोळा कायम असतो.

शेवटचा आठवडा

शेवटचे पाच-सहा दिवस नव्या नोंदींसाठी ठेवू नका. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि मोजायची पद्धत सांगणारी एक फाइल तयार करा. तुम्ही निघून गेल्यावर त्या आकड्यांशी झगडणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्यासाठी ती लिहा. वह्यांचे स्कॅन गटाकडे द्या, मूळ वह्या केंद्रात ठेवा. आकडेवारी गटाची आहे, ती प्रबंधात वापरायची असेल तर लेखी परवानगी आताच घ्या, विमानतळावरून नाही. शोधनिबंधाच्या लेखकांत नाव येणार की आभारात, हेही स्पष्ट विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण न विचारल्याने पुढे जास्त कटुता येते.

नाकोस्टीला द्यायच्या अहवालात तुमचा भाग काय, तो कधीपर्यंत द्यायचा, हे संशोधकाकडून लिहून घ्या आणि ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. निघण्यापूर्वी क्षेत्र-सहायकांसमोर पंधरा मिनिटं बसून आपण काय मोजलं, काय निघालं ते सांगा. आलेख नकोत, नकाशा पुढे ठेवा. ते तुमची एखादी चूक दुरुस्त करतील, आणि ती दुरुस्ती त्याच दिवशी फाइलमध्ये करून टाका.